पंधराव्या पुडीचा कागद

या मित्रांनो, असे जवळ या. अजून थोडे जवळ. माझा आवाज फार बारीक आहे, बोटांत धरलं तर नुसता सळसळतो. कीर्तनाला बसतात तशी मांडी घालून बसा, आणि पुढच्यांनी मागच्यांना जरा जागा करून द्या. मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. ती राजाची नाही की राक्षसाची नाही. एका लाकडी फणीची, पंधरा पुड्यांची आणि नऊ वर्षांच्या एका मुलीची गोष्ट आहे. ऐकताना डोळे भरून आले तर पुसू नका. मला कुठे पुसता येतात?

मी एक जुना कागद आहे. तुमच्या वहीच्या कागदासारखा नव्हे. वहीवर तेलाचा थेंब पडला की तो चार पानं खाली उतरतो. माझ्यावर तुपाचा गोळा ठेवा, दिवसभर ठेवा, मागच्या अंगाला डागही दिसायचा नाही. मी गुळगुळीत आहे, पातळ आहे, आणि डोळ्यांसमोर धरलात तर माझ्यातून पलीकडचं दिसतं, पण पहाटेच्या धुक्यातून नदीकाठ दिसावा तसं. दूरदेशीच्या एका कारखान्यात लाकडाचा लगदा पाण्यात इतका घोटला, इतका घोटला, की त्याच्या धाग्यांत वाऱ्यालाही जागा राहिली नाही. मग तापलेल्या जड रुळांमधून मला दाबत दाबत काढलं. दुखलं फार. पण त्या दाबानेच मला ही चकाकी आली. साहेबलोक मला ग्लासिन म्हणत. पुणतांब्यात मला तुपाचा कागद म्हणत, आणि खरं सांगू, मला तेच नाव आवडतं.

माझी जात पुष्कळ कामांना येते. माझा एक भाऊ फोटोच्या पुठ्ठ्यावर पदरासारखा पांघरलेला असतो, एक मिठाईच्या पेटीत, एक मोठ्या ग्रंथातल्या चित्रावर. मी स्वतः बिस्किटांच्या डब्यात अस्तर होऊन आगबोटीने मुंबईला आलो आणि तिथून नगरच्या पलटणीत. बिस्किटं सोजिरांनी खाल्ली. रिकामा डबा नगरच्या बाजारात गेला, आणि तो डबा नारायणराव कंपाउंडरांनी घेतला.

पुणतांब्याला स्टेशनाकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर एका डॉक्टरांचा दवाखाना होता. नारायणराव तिथे औषधं करत. अंगाने काडी, आवाजाने नगारा. औषधाच्या कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली असे. त्यांनी डबा उघडला, मला बाहेर काढलं, उजेडाला धरलं आणि लहान मुलासारखे हसले.

"वा! हा कागद म्हणजे पुडीसाठी जन्मलेला. ना दमट हवा आत जायची, ना औषधाचा कण चिकटून राहायचा."

ती मला मिळालेली पहिली शाबासकी. तेव्हा लढाई चालू होती. कागदाचा इतका तुटवडा, की लोक लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूवर पत्रं लिहीत. नारायणरावांनी पट्टी ठेवून, जीभ दातांत धरून, माझे सारखे चौकोन कापले. असे आम्ही भाऊभाऊ झालो आणि काचेच्या बरणीत बसून आपापल्या पाळीची वाट पाहू लागलो.

सन त्रेचाळीसचा श्रावण सरत आला आणि पाटाच्या कडेच्या वस्त्यांवर हिवताप आला. पाटाचं पाणी उसाला गोड, पण त्याच्या कडेला साचलेल्या डबक्यांत डास माजत. रोज दुपार झाली की घराघरांतून दात वाजल्याचा आवाज यायचा. त्यावर औषध एकच, कोयनेल, म्हणजे क्विनीन. आणि ते कोयनेल ज्या बेटावरून यायचं, ते जावा बेट जपान्यांनी घेतलेलं. उरलेलं पलटणीला जाई. दवाखान्याच्या कपाटात एकच बाटली होती आणि तिचा तळ दिसत होता.

त्या दिवशी सकाळी छबूबाई आपल्या मुलीला पाठुंगळी घेऊन आली. छबूबाईचा नवरा गोरक्ष हा पाटकरी. पाटावरच्या पाण्याच्या पाळ्या सोडायच्या आणि एकादशीला भजनात टाळ धरायचा, ही त्याची दोन कामं. मुलीचं नाव बनू. पुढचे दात थोडे मोठे, वेणीला लाल दोरा, आणि ताप असला तरी तोंडात काहीतरी गुणगुण चाललेली.

नारायणरावांनी बाटली उलटी केली, तळावर टिचक्या मारल्या आणि पांढरी भुकटी तोलून आम्हा पंधरा भावांवर ठेवली. मी पंधरावा. बाटली संपली.

"हे बघा बाई," नारायणराव म्हणाले, "दिवसाला तीन, असे पाच दिवस. ताप उतरला तरी घ्यायच्या. कळलं?"

"व्हय जी."

"मधेच सोडायच्या नाहीत. आणि कुणाला द्यायच्या नाहीत. तुम्ही माळकरी माणसं, म्हणून मुद्दाम सांगतो. हा देवळातला प्रसाद नाही, कणाकणाने वाटायला."

"न्हाई जी. म्या कशाला वाटू?"

तिने आम्हाला पदराच्या टोकाला बांधलं. पदरातून मला बनूचा आवाज ऐकू आला.

"आये, त्यो चकचकीत कागुद मला देशील?"

"आदी आतलं खा, मंग कागुद घे."

"आतलं कडू हाय."

"मंग कागुद बी कडू हाय."

"कागुद कुटं खायचाय मला? वाजवायचाय."

दवाखान्याच्या पायरीवर आम्हाला दगडाबाई भेटली. ही छबूबाईची शेजारीण. खांद्यावर तिचा पाच वर्षांचा भीमा, डोळे मिटलेला, तोंड लाल. दोघी बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि दोघींनी दोन दिशांना माना फिरवल्या. मागून नारायणरावांचा आवाज आला, आणि या खेपेला त्यात नगारा नव्हता.

"बाई, संपलं हो. शेवटच्या पंधरा पुड्या आत्ताच गेल्या. काडेचिराईताचा काढा देतो. नवीन माल कधी येईल, देवाला ठाऊक."

छबूबाईने ते ऐकलं. पदराची गाठ तिने मुठीत धरली आणि पावलं भरभर उचलली.

आता या दोघींचा अबोला सांगायला हवा. दोघींची घरं पाटाच्या कडेला, मधे बाभळीच्या काट्यांचं कुंपण. आषाढात दगडाबाईच्या म्हशीने कुंपण मोडून छबूबाईची मेथी खाल्ली. तेव्हापासून त्या बोलत नव्हत्या. म्हणजे बोलत होत्या, पण जनावरांशी. दगडाबाई म्हशीला म्हणे, "ए भवाने, तिकडं तोंड घालू नगंस. तिकडची मेथी सोन्याची हाय, येका काडीपायी गाव गोळा हुईल." की लगेच छबूबाई कोंबड्यांना म्हणे, "चला गं बायांनो घरात. शेजारची म्हस नुसती खातच न्हाई, बोलती बी." सगळी वस्ती हसे. दिवसातून दोनदा तरी हा कार्यक्रम व्हायचाच.

पहिल्या दिवशी बनूने तीन पुड्या घेतल्या. गुळाचा खडा तोंडात, डोळे घट्ट मिटलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चौथी घेतली. कोनाड्यात आम्ही अकरा उरलो.

दुपारी गोरक्ष भाकरी खायला घरी आला. छबूबाईचं लक्ष ताटात नव्हतं.

"अवं, ऐकलं का? आज म्हशीला शिव्या न्हाईत."

"बरं हाय की. कान निवलं."

"बरं कसं? पोराचं दात वाजत्यात तिथं. हितवर ऐकू येतंय."

खरंच ऐकू येत होतं. म्हैस हंबरत होती आणि तिला कुणी उत्तर देत नव्हतं. दगडाबाईने घरातल्या सगळ्या वाकळा भीमावर घातल्या होत्या आणि थंडीने तो उडतो म्हणून त्याला मिठी मारून बसली होती. छबूबाईने हे कुंपणातून पाहिलं होतं.

गोरक्षाचा घास हातात राहिला. "छबू, कंपौंडरनं काय सांगितलंय?"

"वाटू नगा म्हनला."

"मंग?"

"मंग बुवांनी काय सांगितलं?"

बुवा म्हणजे नृसिंहबुवा, चातुर्मासात गावच्या देवळात उतरलेले कीर्तनकार. आठच दिवसांपूर्वी गोकुळाष्टमीच्या काल्याचं कीर्तन त्यांनी भर दुपारी केलं होतं. छबूबाई त्या कीर्तनाला पहिल्या ओळीत होती. ते तिने पुढे इतक्यांदा सांगितलं, की मलाही ते ऐकल्यासारखं पाठ झालं. बुवांनी सांगितलं, रानात गोपाळांनी शिदोऱ्या सोडल्या. एकाची शिळी भाकरी, एकाचं आंबट ताक, एकाचे मूठभर पोहे. देवाने सगळं एकत्र कालवलं. एका गोपाळाने आपलं दही घोंगडीखाली लपवलं आणि एका बाजूला बसून खाल्लं. पोट भरलं, पण जिभेला चवच कळेना. बुवांनी वीणा छातीशी धरून विचारलं, "लोकहो, एकट्याने खाल्लं तो काला का?" आणि सगळं देऊळ म्हणालं, "नाही!" त्यात छबूबाईचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"बुवा दह्याचं सांगत हुते," गोरक्ष म्हणाला.

"आन् पोराच्या जिवाचं न्हवते सांगत?"

गोरक्ष पाणी प्यायला. त्याने पागोटं डोक्यावर ठेवलं, आणि दारातून वळून म्हणाला, "दे अर्दं. पर आपल्या पोरीला कमी पडू देऊ नगंस."

मित्रांनो, हे गणित कसं जमायचं ते त्याला कळत नव्हतं आणि तिलाही नाही. कंपाउंडरच्या हातून तोललो गेलो होतो म्हणून मला कळत होतं. पण मला तोंड नव्हतं.

छबूबाईने पाचवी पुडी पितळीत उघडली. कुंकवाच्या काडीने भुकटीचे दोन ढीग केले. ती हात फार हलका ठेवी, श्वास रोखून धरी. पण काही केलं तरी एक ढीग थोडा मोठा व्हायचाच. आणि जो मोठा दिसे तो ती दुसऱ्याला द्यायची. जन्मभर तिने हेच केलं होतं. भाकरीचा मोठा तुकडा पाहुण्याला, गुळाचा मोठा खडा शेजारच्या पोराला. तिच्या हाताला दुसरं वळणच नव्हतं.

पितळी पदराखाली झाकून ती कुंपणाच्या मोडक्या भागातून पलीकडे गेली.

"दगडाबाई, दार उघड. आज म्हशीसंगं न्हाई, तुझ्यासंगंच बोलायला आलीया."

दगडाबाईने दार उघडलं. पितळीकडे पाहिलं. "ह्ये काय?"

"कोयनेल. अर्दं."

"आन् बनू?"

"तिचं तिला ठेवलंय."

"नगं छबे. एकाचंच हाय ते. कंपौंडर म्हनला."

"तुझ्या म्हशीनं माझी मेथी खाल्ली, तवा इचारलं हुतं का एकाची का दोघांची?"

दगडाबाईला हसू आलं. हसता हसताच तिने पदर तोंडात घातला आणि मटकन उंबऱ्यावर बसली. भीमाने औषध घेतलं, थू थू केलं आणि छबूबाईला म्हणाला, "तू लई वंगाळ हायेस." त्यावर दोघी पुन्हा हसल्या. आषाढापासूनचा अबोला असा संपला.

अकरा पुड्या अशाच फुटल्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ, एकही वेळ छबूबाईने चुकवली नाही. पाच दिवस म्हटले होते, बरोबर पाच दिवस दिलं. म्हणून तिला वाटलं, आपण कंपाउंडरचंही ऐकलं आणि बुवांचंही ऐकलं. पाचव्या दिवशी संध्याकाळी माझी पाळी आली. तिने मला उघडलं, दोन ढीग केले, माझ्यावरून ते घसरवले. मी एकही कण ठेवून घेतला नाही. माझा तो गुण आहे ना! चार कण जरी मला चिकटून राहिले असते, तरी मी ते पुढे कधीतरी त्या मुलीला दिले असते. पण मला काही ठेवून घेता येत नाही.

ताप तर तिसऱ्याच दिवशी उतरला होता. दोघांचाही. पोरं अंगणात खेळू लागली. माझ्या चौदा भावांना घरात कामं लागली. एक बनूने दगडाबाईच्या भिंतीवरच्या गोपद्मावर ठेवून कोळशाने गिरवला आणि ती नक्षी आपल्या भिंतीवर उतरवली. एकात लोण्याचा गोळा गुंडाळून गोरक्षाच्या शिदोरीत गेला. तीन भीमाच्या पतंगाच्या ठिगळांना लागले. बाकीचे कुणाकुणाकडे गेले ते मला कळलं नाही.

मी बनूकडे राहिलो. तिने मला फणीच्या दातांवर घडी घालून बसवलं, ओठांना लावलं आणि गुणगुणली. मित्रांनो, मी तोपर्यंत बिस्किटं पाहिली होती, औषध पाहिलं होतं, पण आपण वाजतो हे मला ठाऊक नव्हतं! मी थरथरलो आणि माझ्यातून पिपाणीसारखा सूर निघाला. बापाच्या भजनातली चाल ती अशी वाजवी, की गोरक्ष हातातलं काम टाकून टाळ घेई.

एकादशीला नृसिंहबुवा वस्तीवर भजनाला आले. दारातच थांबले. "गोरक्षा, सनईवाला कधी आणलास?"

"सनई न्हाई बुवा. आमची बनू हाय. फनी वाजवती."

बुवांनी तिच्याकडून पुन्हा ऐकलं, मान डोलावली. "बनूताई, पुढच्या काल्याला माझ्या मागे उभं राहायचं. माझ्या मृदंग्याला जरा धाक बसू दे."

"खरंच उबी करशीला का नुसतंच म्हनताय?"

"बनू!" छबूबाई ओरडली. बुवा मात्र खळखळून हसले. "वीणा धरून खोटं बोलत नाही बये. वचन दिलं."

त्यानंतर ती रोज सराव करू लागली. म्हशीसमोर, कोंबड्यांसमोर, पाटाच्या पाण्यासमोर. ते दहा-बारा दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस.

मग एका दुपारी सूर मधेच तुटला. फणी तिच्या ओठांवर आपटू लागली. मला वाटलं तिला हसू येतंय. पण ते हसू नव्हतं, तिचे दात वाजत होते.

डॉक्टरांनी पाहिलं. नारायणरावांनी छबूबाईला एकच विचारलं, "सगळ्या पंधरा हिलाच दिल्या ना?" ती खाली पाहत राहिली. नारायणराव रागावले नाहीत. ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी किल्ली हातात घेतली, रिकामं कपाट उघडलं आणि पुन्हा लावलं. "ताप दबला होता, गेला नव्हता," एवढंच ते म्हणाले. मग गोरक्षाला चिठ्ठी लिहून दिली. मनमाडला त्यांच्या ओळखीचा एक औषधवाला होता. गोरक्ष तसाच स्टेशनावर गेला आणि मिळेल त्या गाडीत चढला.

दुसऱ्या दिवशी भीमालाही थंडी वाजली. पण तो रडत होता, पाणी मागत होता. बनू रडतही नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आईला ओळखेनाशी झाली. पाटाला पाणी सुटायची वेळ झाली होती आणि सोडणारा मनमाडला होता. दगडाबाई उशाशी बसून तिच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. एकदम बनूने हात पसरला. छबूबाईला वाटलं पाणी हवं. पण बोटांनी फणीसारखी खूण केली. छबूबाईने फणी ओठांशी धरली.

तिचा श्वास माझ्यावर आला. ऊन ऊन, हलका. मी थरथरायचा फार प्रयत्न केला. मित्रांनो, मी वाजलो नाही. पुन्हा एकदा श्वास आला. मग आला नाही.

दुपारच्या गाडीने गोरक्ष उतरला. धोतराच्या सोग्यात कोयनेलच्या पंधरा पुड्या होत्या. स्टेशनावरच कुणीतरी त्याला सांगितलं होतं.  घरी येऊन त्याने पुड्या जमिनीवर ठेवल्या आणि तो भिंतीला टेकून बसला. माणसं जमली, बनूला गोदेच्या काठी घेऊन गेली.

छबूबाई त्या पुड्यांकडे पाहत होती. मग ती उठली. पुड्या ओंजळीत घेतल्या, कुंपण ओलांडून गेली आणि दगडाबाईच्या दारापाशी थांबली. सुतक होतं. आत पाऊल टाकता येत नव्हतं, कुणाच्या हातात काही देता येत नव्हतं. तिने पुड्या उंबऱ्यावर मांडल्या, एकेक मोजून, पंधरा.

दगडाबाई आतून धावत आली आणि दारातच थिजली. "छबे… मला कसं गं घेववंल ह्ये?"

"घे," छबूबाई म्हणाली. "समद्या त्याला एकट्याला दे. ह्या येळंला कुनालाबी वाटू नगंस. दारात कुनी मरत असलं तरी न्हाई."

आणि ती मागे फिरली. म्हैस हंबरली. तिला कुणीच काही म्हटलं नाही.

भीमा वाचला.

तेरा दिवस झाल्यावर नृसिंहबुवा आले. छबूबाई त्यांच्या पाया पडली नाही. सरळ समोर बसली.

"बुवा, एक इचारू? तुमचं ऐकून म्या माझी पोर घालीवली का?"

बुवांच्या जिभेवर पुराणं होती, दृष्टांत होते. पण त्यांनी आधी हात जोडले. मग म्हणाले, "माउली, मी काला दह्या-पोह्यांचा सांगितला. औषधाचा निराळा असतो, हे सांगायचं राहिलं. मलाच ते ठाऊक नव्हतं. चूक माझी आहे."

"मंग भीमाला काय दिलं असतं म्या? दार लावून घेतलं असतं?"

"नाही गं माय," बुवा म्हणाले. "तेही तुला जमलं नसतं."

गोरक्ष कोपऱ्यात होता. तो उठून बाहेर गेला. छबूबाईने फणी आणली, मला तिच्यावरून सोडवलं आणि बुवांपुढे ठेवलं. "तुमच्यामागं उबी ऱ्हानार हुती ती. फनी मला ऱ्हाऊ दे, तिचं क्यास हायेत तिच्यात. ह्यो कागुद तुमी न्या."

तेव्हापासून मी बुवांच्या पोथीत आहे.

पुढच्या गोकुळाष्टमीला भर दुपारी काल्याचं कीर्तन झालं. बुवांनी शिदोऱ्यांचं सांगितलं. घोंगडीखाली दही लपवणारा गोपाळ आला, आणि तिथे बुवा थांबले. मृदंग थांबला. त्यांनी पोथीतून मला काढलं आणि उन्हाला धरलं. माझ्यातून मला धूसर गर्दी दिसली आणि पहिल्या ओळीत छबूबाई दिसली.

"लोकहो," बुवा म्हणाले, "गेल्या साली माझं एक सांगायचं राहिलं. दही वाटा, पोहे वाटा, पाणी वाटा. पण औषध वाटू नका. ते ज्याचं त्याला, शेवटच्या कणापर्यंत. शेजारच्या पोराला लागलं तर आपल्या पोराची पुडी फोडू नका. चार जण मिळून स्टेशन गाठा, मनमाड गाठा, नगर गाठा, पण त्याची त्याला पुरी आणून द्या. एवढं मी तेव्हा सांगितलं असतं तर आज माझ्या मागे…"

 टाळकऱ्यांत गोरक्ष होता. त्याने टाळ वाजवायला सुरुवात केली, एकट्यानेच, आणि मग सगळं देऊळ नामघोष करू लागलं.

हंडी फुटली, काला वाटला. छबूबाईच्या ओंजळीतही पडला. ती तो हातात धरून तशीच उभी होती. दगडाबाईचा भीमा शेजारी होता, सहा वर्षांचा, गुबगुबीत झालेला. तो तिच्या हाताकडे आणि मग तिच्या तोंडाकडे पाहत होता. छबूबाई खाली बसली. तिने ओंजळीतला अर्धा काला त्याच्या हातावर घातला. हाताच्या सवयीने त्याच्या बाजूला थोडा जास्तच पडला.

"खा बाबा," ती म्हणाली. "ह्ये वाटायचंच असतंय."

आता मी पिवळा पडलो आहे. घडीवर विरलो आहे. समईचं तेल पोथीवर सांडलं तर ते मी अक्षरांपर्यंत जाऊ देत नाही, तेवढं काम अजून जमतं. इतर जुन्या वस्तू तुम्हाला म्हणत असतील, आम्हाला जपा, आम्हाला टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. कागदाचं काय, आज आहे, उद्या नाही.

माझं मागणं निराळं आहे. तुम्हाला कधीतरी ताप येईल. दोन दिवसांत बरं वाटेल, खेळायला जावंसं वाटेल आणि उरलेलं औषध कडू लागेल. तेव्हा ते टाकू नका, कुणाला देऊ नका. शेवटची पुडी उघडा, कागद झटकून पुरती घ्या. आणि घेताना बनूची आठवण काढा. पाटकरी गोरक्षाची बनू. फणी वाजवायची ना, ती.